माहेरघराचं मागचं दार

दवाखान्यातली ती बंद खोली माहेरघर झाली तर सुगंधा धिंदळेला काय काय मिळणार, याचा हिशोब मी सभा उठायच्या आत मांडून टाकला होता. हातांची खुर्ची, तीही डॉक्टरांच्या शेजारची. नारळ फोडायचा मान. बाजारातून जाताना चार बायकांनी 'मॅडम' म्हणणं. आणि हे सगळं एका पारड्यात घातलं तरी दुसरं पारडं खाली जाईल असं एक: तिच्या थोरल्या जावेचा, शालनबाईचा, त्या वेळचा चेहरा.

तो चेहरा मला समोरच दिसत होता. ओटीच्या खांबाला टेकून शालनबाई बसली होती आणि ताटात केस निघाल्यासारखी धाकट्या जावेकडे बघत होती.

मी कासारीण. मोरदऱ्याच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाला लागून माझं बांगड्यांचं दुकान. गाव मला रासनेकाकू म्हणतं. मला जाऊ नाही, नणंद नाही, घरात भांडायला म्हणून माणूस नाही. त्यामुळे दुसऱ्यांच्या जावांवर माझं बारीक लक्ष असतं.

डॉक्टर लोखंडे तेव्हा नवे होते. त्यांनी गावाला बोलावलं आणि म्हणाले, "दवाखाना तुमचा आहे. त्या रिकाम्या खोलीत काय व्हावं, ते तुम्ही ठरवा."

लोक चक्रावले. दवाखान्यानं आजवर आम्हाला रांगेत उभं राहायला सांगितलं होतं; ठरवायला कोणी सांगितलं नव्हतं. मग एकेकाला कंठ फुटला. कोणी म्हणालं मोटारसायकली ठेवायला करा. भजनी मंडळाला टाळ-मृदंगासाठी जागा हवी होती. एकाला तिथं पीठगिरणी दिसत होती. दवाखान्यातली खोली दवाखान्यालाच द्यावी, असं मात्र कोणाच्या डोक्यात येईना.

तेव्हा सुगंधा उठली. दहावी झालेली, बचत गटाची अध्यक्ष, बोलताना पदर खोचायची सवय.

"कड्याच्या वाडीचा ओढा भरला की आमची वाट बंद," ती म्हणाली. "पोट दुखायला लागल्यावर बाईला डोलीत घालून आणायची. त्यापेक्षा दिवस भरत आले की आधीच खाली आणून ठेवू. सोबत घरचं एक माणूस, दोन खाटा, एक चूल. लांबचं कशाला सांगू, आमच्याच घरात गेल्या पावसाळ्यात काय झालं..."

"घरातलं चावडीवर आनू नगंस, सुगंधे," खांबाकडून आवाज आला.

"चावडी नाही अक्का, दवाखाना आहे."

लोक हसले. शालनबाई हसली नाही. घरातलं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. शालनबाईची सून वैजू डोलीत असतानाच बाळंत झाली होती. ओढा ओलांडल्यावर, ऐन पावसात, घोंगडीच्या आडोशाला. मुलगी झाली. थोडा वेळ होती आणि गेली. तिथंच टेकाडावर तिला मातीत ठेवून माणसं परत आली. सोबत सुगंधा होती. गुडघेदुखीमुळे शालनबाई अल्याड, वाडीच्या काठालाच राहिली होती आणि मग पाणी चढलं.

"नाव काय द्यायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहेरघर," सुगंधा म्हणाली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माहेर म्हटलं की बायका टाळ्या वाजवणारच, त्यात सुगंधाची हुशारी ती काय? दवाखान्याच्या फाटकाशी मी इतकी वर्षं बसते. या भागातल्या प्रत्येक बाईचा हात माझ्या हातातून गेलाय. डॉक्टरांनी खोलीसाठी सुगंधाची कमिटी केली, पण मला तिच्यात येता का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते. पण विचारायला हवं होतं.

उठता उठता डॉक्टर शालनबाईकडे वळले. "बाई, तुमच्या सुनेला पुन्हा दिवस आहेत. अंगावर सूज आहे, बीपी वर जातंय. ओढा भरायच्या आत तिला खाली आणा. पहिली खाट तिचीच."

"बघू," शालनबाई म्हणाली.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. डॉक्टर शहरातले, त्यांना वाटलं बघतील.

*

खाटा आल्या. गाद्या आल्या. दारावर निळ्या रंगात पाटी लागली: माहेरघर. सुगंधानं नारळ फोडला, आणि तो एका फटक्यात फुटला याचंही मला उगाचच वाईट वाटलं.

नंतर मात्र गंमत सुरू झाली. दोन पोरी येऊन राहून गेल्या, दोघीही पहिलटकरणी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची एकही बाई फिरकेना. नर्सबाई वाड्या-वस्त्या हिंडून आल्या. सासवांनी चहा पाजला, हो म्हटलं आणि पाठवलं कोणालाच नाही.

कारण मला दुकानात कळलं. शालनबाई वैजूला हिरवा चुडा भरायला घेऊन आली होती. मी वैजूचा हात हातात घेतला. मागच्या मापाची बांगडी अंगठ्याच्या मुळाशीच अडली. मी काही न बोलता मोठं माप काढलं.

"पोरीला खाली कधी आणताय?" मी विचारलं.

"कशाला?"

"माहेरघरात."

"रासनेकाकू, तुमी तरी शान्यासारखं बोला. पैलं बाळंतपन माहेरी, दुसरं सासरी. ह्ये दुसरं. धिंदळ्यांच्या घरचं दुसरं बाळंतपन माहेरी कराया धाडलं तर लोकं काय म्हनतील? घरात डिंकाचा लाडू मिळंना म्हनून सून वाटंला लावली!"

"अहो, ते नुसतं नाव आहे. खोली सरकारची."

"नुसतं नाव? तुमच्या दुकानावर 'केशकर्तनालय' लिवलं, तर कोन यील बांगड्या भराया?"

मी मग टोचलं. "आणि तेच नाव दुसऱ्या कोणी ठेवलं असतं तर?"

"कोनी का ठेवंना. मला काय त्याचं?" असं म्हणताना तिनं वैजूचं मनगट असं काही धरलं की एक बांगडी तिथंच वाढवली गेली. मग तुकडे टाकायच्या निमित्तानं ती बाहेर गेली.

वैजू तेवढ्यात पुटपुटली, "काकू, मला यायचंय. रात्रंदिवस डोकं ठणकतंय. पुन्हा त्या डोलीत बसायची भीती वाटती मला."

"मग नवऱ्याला सांग."

"ते आत्याबाईंच्या शब्दाबाहेर नाहीत."

"तर मग आत्याबाईंना म्हणावं, मागचं जगलं नाही, तर हेच पहिलं धरा. धरतात लोक तसं. मग माहेरघराला कोण नावं ठेवणार?"

"म्हणाले होते मी." वैजूनं बाहेर नजर टाकली. "त्यानंतर दोन दिवस जेवल्या नाहीत आत्याबाई. माझ्याशी बोलल्यापण नाहीत."

मी ते शालनबाईच्या हट्टाच्या खात्यात जमा करून टाकलं.

सुगंधाचं खातंही काही कोरं नव्हतं. दुसऱ्याच बाजाराला ती दुकानात आली आणि माझ्या स्टुलावर धपकन बसली.

"अक्कांना वैजू मेली तरी चालेल काकू. पण माझ्या पाटीखालून जायच्या नाहीत."

"तुझ्या पाटीखालून! तू काय म्हणालीस ते तुझ्या कानांनी ऐकलंस का?"

ती लाल झाली, पण मागे हटली नाही. "हो, माझ्या! लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. पुरणाची पहिली पोळी त्यांची. पूजेला पाटावर त्या. कोणी आलं-गेलं तर 'मोठ्या बाई कुठं आहेत?' मी आपली मागं, पाण्याचा तांब्या घेऊन उभी. जन्मात एकदा पुढं उभी राहिले, तर लगेच घरात धूर!"

"धूर कोणाच्या चुलीतनं निघतोय, तेही बघ एकदा."

"म्हणजे?"

"म्हणजे ती जळते तेव्हा तुलाही ऊब लागतेच की."

सुगंधा बांगड्या न घेताच उठून गेली. खरं बोललं की माझं गिऱ्हाईक असंच जातं.

*

आषाढाच्या तोंडावर डॉक्टरांनी पुन्हा सभा घेतली. कड्यावर ढग बसलेले, ओढ्याला गढूळ धार लागलेली. अजून पार करता येत होता, पण आणखी किती दिवस, ते कोणी सांगू शकत नव्हतं. वैजू वरच होती. सुगंधा आपल्या हातांच्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती.

"वरून विचारणा आली आहे," डॉक्टर म्हणाले. "खाटा रिकाम्या राहत असतील तर खोली औषधांच्या गोदामाला द्या म्हणतात. तुम्हीच मागितलेली सोय आहे. मग वापर का होत नाही? मोकळेपणानं बोला."

मोकळेपणानं बोला म्हटल्यावर सगळे घट्ट झाले. सुगंधा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. आणि मागून, खांबापाशी, शालनबाई उभी राहिली. तिला बोलावणं नव्हतं. ती आली होती.

"मी सांगते. सासवा पाठवत न्हाईत, कारन तुमी माहेरघर म्हनलंत. सासूनं आपल्या हातानं करायचं बाळंतपन तुमी माहेराला देऊन टाकलंत. सासरघर म्हना, म्हंजी पाठवतील."

कोणीतरी खुदकन हसलं. सुगंधाला इतका वेळ शब्द सापडत नव्हता, आता सापडला. "सासरी कोणाला विसावा मिळालाय अक्का? पाटी वाचूनच बाई उलट्या पावली पळंल."

मग मात्र सगळी ओटी हसली. मीही हसले. वाक्य चांगलं होतं. आपल्याला का सुचलं नाही, असंही वाटून गेलं.

डॉक्टरांना वाटलं आपण आता मध्ये पडावं. समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "बाई, पहिलं-दुसरं असं काय घेऊन बसलात? वैजयंताबाईंचं हे तसं पहिलंच धरा ना. आमच्याकडे नोंदसुद्धा तशीच आहे. जिवंत मूल, शून्य."

"काय?"

"शून्य."

शालनबाईनं खांब धरला. "नऊ म्हयनं पोटात वाढली. जन्माला आली. रडली बी म्हनतात. डोलीवाल्यांनी आवाज आयकला. आन् ती शून्य?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ह्ये पैलं म्हनून माहेरी धाडलं, तर ती कितवी? तिला कुठं मोजायची? घरात समदी म्हनतात, पैलं धरा, पैलं धरा. अरं, माझी पैली नात झाली हुती!"

 

मग ती सुगंधाकडे वळली. "तुला काय गं. तुझ्या मांडीवर हुती ती. तू तिचं तोंड बघितलंस. मी अल्याड हुबी, मधी पानी. नात झाली आन् मी तिचं नाक बी पाह्यलं न्हाई. आन् हितं चार मान्सांत सांगायचा मान बी तुझाच. खुर्ची घे, पाटी घे, नारळ फोड. त्याचं मला काय बी न्हाई. पर तिचं तोंड तुला बघाया मिळालं आन् मला न्हाई मिळालं, ह्ये गळ्याखाली उतरत न्हाई."

मी मांडलेला हिशोब, खुर्ची, नारळ, मॅडम, सगळा जागच्या जागी खोटा पडला.

सुगंधा उभी राहिली. पदर खोचायला गेलेला हात मध्येच थांबला.  

"नाक तुमच्यावर गेलं होतं, अक्का," ती म्हणाली. "शेंड्याला जरासं बसकं."

एरवी यावर हशा झाला असता. शालनबाईनं पदराचं टोक स्वतःच्या नाकाला लावलं आणि तिथंच धरून ठेवलं.

"आन् क्यास?"

"दाट होते."

मग सुगंधा डॉक्टरांकडे वळली.  "डॉक्टरसाहेब, खोलीला विहिरीच्या अंगाला मागचं दार आहे. त्यावर दुसरी पाटी लावा. पुढचं दार माहेर, मागचं दार सासर. पहिलटकरीण पुढून येईल. दुसरी-तिसरी मागून."

"पण खोली एकच आहे!" डॉक्टर गोंधळले. "खाटा त्याच, नर्स तीच."

"घर एकच असतंय डॉक्टर. बाई कुठल्या दारानं आत आली, त्यावर तिला नाव पडतंय." ती थांबली. "आणि सासरच्या दाराला सासू लागेल. चूल, लाडू, शेक-शेगडी बघायला. ती आमच्या अक्का. कमिटीत घ्या त्यांना. माझी खुर्ची द्या."

"खुर्ची नगं," शालनबाई म्हणाली. "गुडघं दुखत्यात, पर मला भुईच बरी."

डॉक्टरांनी मान हलवत लिहून घेतलं: एक खोली, दोन दारं. वरच्या साहेबांना ते कसं समजावलं, त्यांनाच ठाऊक.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागत असताना, शालनबाई वैजूला घेऊन उतरली. मुलाच्या डोक्यावर पाटा-वरवंटा. फाटकातून आत आल्यावर पुढचं दार चार पावलांवर होतं. पण सगळी वरात चिखलातून विहिरीला वळसा घालून मागे गेली. पाटी अजून लागायची होती, म्हणून दारावर कोळशानं 'सासर' लिहिलेलं. अक्षर सुगंधाचं.

आत गेल्या गेल्या शालनबाईनं चुलीला नावं ठेवली, जळण ओलं आहे म्हणाली आणि नर्सबाईंना अळीव कसे भिजवायचे ते शिकवायला लागली. त्याच दिवशी संध्याकाळी ओढा भरला. पुढे कितीतरी दिवस वाडीची वाट बंद होती.

वैजूची वेळ आली ती भर दुपारी. त्रास झाला. बीपी चढलं, डॉक्टरांच्या कपाळावर घाम, एकदा तर शहरात न्यायला गाडी फाटकात आणून ठेवली. मी दुकान टाकून ओटीवर जाऊन बसले होते. शालनबाई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, सुगंधा प्रसूतीच्या खोलीच्या तोंडाशी. 

मग रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत, भांडखोर. नर्सबाई फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आल्या. "मुलगी! आई ठीक आहे!" समोर सुगंधाच होती, म्हणून त्यांनी तिच्यापुढे बाळ धरलं.

सुगंधानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आधी तिकडं," ती म्हणाली. "मागच्या दाराला."

शालनबाईनं बाळ मांडीवर घेतलं. तोंडावरचं फडकं दोन बोटांनी बाजूला केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. शेवटी मान वर न करता तिनं विचारलं, "सुगंधे, असंच हुतं का गं?"

"असंच, अक्का. तंतोतंत."

उन्हं कलल्यावर सुगंधा माझ्या दुकानात येऊन बसली. मी तिला पाणी दिलं. खवचटपणा माझ्या जिभेचा जन्मजात रोग, तो मला गप्प बसू देईना.

"काय गं, त्या पावसात, घोंगडीखाली, नाकाचा शेंडासुद्धा दिसला होय तुला?"

तिनं पेला खाली ठेवला.

"काकू, मी फडकं उचललंच नव्हतं. वैजूला सावरत होते. रडायचं थांबलं तेव्हा कळलं. मग धीरच झाला नाही. तसंच गुंडाळलेलं ठेवलं तिला टेकाडावर. वैजूनं नाही पाहिलं, डोलीवाल्यांनी नाही. मीपण नाही."

 "मग हेच सांगायचंस ना सभेत! 'अक्का, मीपण नाही पाहिलं.' तिचा जळफळाट तिथंच विझला असता."

"विझला असता." सुगंधा काचेच्या बांगड्यांवरून बोट फिरवत राहिली. "पण मग त्या पोरीचं तोंड कोणीच पाहिलं नाही, असं झालं असतं."

*

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लोखंडे डॉक्टरांची बदली झाली. दुसऱ्या तालुक्यांतले लोक ती खोली बघायला यायचे. एका खोलीला दोन पाट्या बघून डोकं खाजवायचे. वैजूची मुलगी आता शाळेत जाते. तिच्या पहिल्या बांगड्यांचं गिऱ्हाईक मलाच मिळालं. हातांच्या खुर्चीचा एक हात तुटला आणि ती औषधांच्या खोक्यांखाली गेली.

शालनबाई थकली, पण मागचं दार तिनं सोडलेलं नाही. दुपारी दोघी जावा त्या उंबऱ्यावर बसतात, शेंगा सोलत नाहीतर लसूण निवडत, एकमेकींना घालूनपाडून बोलत. माझ्या दुकानातून त्या दिसतात. मला जाऊ नाही, हे मला पूर्वी सोयीचं वाटायचं.

परवा बांगड्यांचं खोकं घेऊन मी तिकडून जात होते. समोर खेळणाऱ्या नातीकडे बघत शालनबाई विचारत होती, "हिच्यापरीस उजळ हुती का गं ती?"

"नाही अक्का. हिच्याइतकीच. पण उजव्या गालाला खळी होती."

"खळी? ह्ये कधी सांगितलं न्हाईस."

"राहून गेलं."

शालनबाई समाधानानं हसली आणि लसणाची पाकळी सोलायला घेतली. तिला तिची पहिली नात मिळाली, दुसरी मिळाली. वैजूला लेक मिळाली, वाडीला खोली मिळाली. या सगळ्याचा भरणा केला तो एकट्या सुगंधानं. अजूनही करतेय, कधी खळी, कधी तीळ, कधी मुठीची पकड. मुळात जवळ काहीच नव्हतं तिच्या, आणि त्यातूनच ती इतकी वर्षं पुरवतेय.